बॉनेटवर शेकलेली हलगी

शुक्रवारी दुपारी लहू दोह्याबाहेर मुऐदरच्या रस्त्यावर वारला. पिकअप तो चालवत होता. मी वाचनालयात होतो. फोन शेजारच्या दुकानात आला.

लहू माझा धाकटा भाऊ. कतारला एका बांधकाम कंपनीत ड्रायव्हर होता. सळया घेऊन साइटवर जाताना टायर फुटला आणि गाडी उलटली. कंपनीने त्याला पेटीतून पाठवलं, आम्ही मूठमाती दिली. त्यानंतर दोन महिन्यांनी, २००३च्या सप्टेंबरात, मी दोह्याला गेलो. लहू तिकडे एका बॅंडमध्ये हलगी वाजवायचा. त्या लोकांनी त्याच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवला होता आणि मला तिकीट पाठवलं होतं. गावात मी सांगितलं की लहूचं सामान आणायला चाललोय. मला खरं तर एकच गोष्ट विचारायची होती. त्याने हलगी सोडली होती का, आणि सोडली असेल तर कधी.

विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि काहीच दिसेना. चष्म्याच्या काचा वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. रुमालाने पुसल्या तर पुन्हा तेच.

“पुसू नका वो मास्तर, परत धरतंय. जरा दम धरा,” समोरून आवाज आला. हे हमीदभाई. मूळचे रत्नागिरीकडचे, एका ऑफिसात क्लार्क. लहू शुक्रवारी त्यांच्याकडे जेवायला जायचा. माझा व्हिसा त्यांनीच काढला होता.

“मी मास्तर नाही, ग्रंथपाल आहे,” मी म्हणालो.

“लहू मास्तरच म्हणायचा तुम्हाला. माझा दादा कागदावर लय कडक, असं सांगायचा.”

बिन महमूद वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी चार दिवस राहिलो. भाभींनी तांदळाची भाकरी आणि माशाचं सार केलं होतं. त्यांची मुलगी माझं मराठी समजून घ्यायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची. जेवण झाल्यावर हमीदभाईंनी कंपनीने दिलेला खोका समोर ठेवला. कपडे, एक वाकळ, वापरून झालेली फोनची कार्डं, रुंद काठाची टोपी. तळाशी माझी पत्रं, दोऱ्याने बांधलेली. मी ती एकेक करून पाहिली. सगळी होती. एक नव्हतं.

त्या पत्राबद्दल सांगायला हवं. आमच्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नांत हलगी वाजवली. वरातीत सगळ्यांच्या पुढे, जेवायला सगळ्यांच्या मागे, तेही मांडवाबाहेर. मी मॅट्रिक झालो त्या दिवशी त्यांनी हलगी बंबात घातली. म्हणाले, “आता ह्या घरात कुणी वाजवायची न्हाई.” लहू सात वर्षांचा होता. बंबाजवळ बसून रडला. मला वाटलं, धुरामुळे.

दोह्यातून त्याने फोटो पाठवला. डोक्यावर ती टोपी, खांद्याला हलगी, मागे गिटारवाले. ‘बुलक रोड’ हे बॅंडचं नाव. फिलिपिन्सचा रोमी, गोव्याचा सावियो आणि केरळचा एक ड्रमवाला. सगळे खेड्यातले, दिवसा एसी दुरुस्त करणारे नाहीतर वायरिंग ओढणारे. अमेरिकेतल्या गुराखी लोकांची गाणी ते विजेच्या गिटारवर, धावत्या तालात वाजवायचे. लहूने लिहिलं होतं, “दादा, हलगी सुरू झाली की लोकं खुर्च्यावर उभी ऱ्हात्यात. मला पुढं बोलवत्यात.”

उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले. मी आधी खर्डा करतो, मग पत्र. त्यात लिहिलं, “बाबांनी जाळलं ते तू परदेशात जाऊन पुन्हा गळ्यात घातलंस. टोपी बदलली म्हणून हलगीवाला बदलत नाही.” वाक्य चांगलं जमलं असं मला तेव्हा वाटलं होतं. त्यावर त्याचं उत्तर आलं नाही. नंतर फोनवर तो पत्राविषयी बोलला नाही, मीही विचारलं नाही.

कार्यक्रम शुक्रवारी होता, अल हिलालमधल्या एका व्हिलाच्या अंगणात. दुपारची नमाज होऊन बराच वेळ झाला तरी ऊन उतरलं नव्हतं. वाटेत हमीदभाईंनी करक (दुधात आटवलेला कडक चहा) पाजला. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ड्रायव्हर, फिटर, नर्सबाया, लेकुरवाळी कुटुंबं. रोमी ठेंगणा आणि रुंद खांद्यांचा. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि इंग्रजीत म्हणाला की आमच्या घरी भातशेती आहे, तुमच्या भावासारखाच मी म्हशींमागून आलोय. मग कापडात गुंडाळलेली हलगी आणली.

मी बोटाने वाजवून पाहिली. ओल्या पुठ्ठ्यासारखी वाजली.

“आवाज मेला त्याचा,” सावियो म्हणाला. तो हिंदी-मराठी मिसळून बोलायचा. “नवीन चामडं लावायचं क्या, दादा?”

“शेकली नाहीत का?”

“शेकली म्हणजे?”

“लहू वाजवायच्या आधी काय करायचा?”

“वो? पूजा करायचा ना. पिकअपच्या बॉनेटवर ठेवायचा, उन्हात. मधे मधे हात लावायचा, कान लावायचा. आम्ही समजलो, तुमच्या गावचा देव आहे. इसलिए तो गेल्यावर कुणी हात नाही लावला. एसीत ठेवली, कपाटात, एकदम साफ.”

देव म्हणून त्यांनी ती इतके दिवस थंडीत ठेवली होती. आमच्या गावात तिला कुणी देव म्हटलं नव्हतं.

सावियो खाली बघत होता. “दादा, एक बोलायचं होतं. मी मस्करी केली होती त्याची. बोललो, लहू, देव गाडीवर बसवला, आता पेट्रोल पण प्रसादाचं घाल. तो हसला. पण दुसऱ्या हफ्त्यात आला, हलगी ठेवली, बोलला खलास. बस. शुक्रवारी ओव्हरटाइम घ्यायला लागला. आम्ही इथे वाजवत होतो तेव्हाच तिकडे… माझ्यामुळे गेला तो बॅंडमधून. माफ करा.”

“कधी सोडली त्याने?”

“होळी झाली, त्यानंतर चार-पाच दिवस.”

माझं पत्र मी होळीच्या पंधरवडाभर आधी टाकलं होतं.

दारात बॅंडची व्हॅन उभी होती. मी हलगी घेऊन तिच्या बॉनेटवर पालथी ठेवली. पत्रा हाताला चटका देत होता. आयुष्यात मी कधी हलगी वाजवली नाही, पण वडिलांना शेकताना शंभर वेळा पाहिलं होतं. थोड्या वेळाने उचलायची, बोटाच्या पेराने ठोकायची, पुन्हा ठेवायची. कातडं हळूहळू ताणलं गेलं.

“तुमच्या मस्करीमुळे नाही,” मी सावियोला म्हणालो. “मी पत्र लिहिलं होतं. वाजवू नकोस म्हणून.”

त्याला समजायला वेळ लागला. मग त्याने रोमीला इंग्रजीत सांगितलं.

“तर मग आता का शेकताय?” सावियोने विचारलं. या वेळी दादा म्हणाला नाही.

मी हलगी उचलून हातात धरली. मी तीन दिवसांनी वाक्य लिहिणारा माणूस.

रोमीने हलगीवर बोट मारलं. कडकडीत आवाज निघाला आणि पुढच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. “यल्ला,” तो तिकडच्या अरबीत ‘चला’ म्हणाला आणि हलगी माझ्या हातातून काढून घेतली.

ड्रमवाल्याने ती वाजवली. लहूचा हात त्याला नव्हता, ठेका मधे मधे चुकत होता. तरी तिसऱ्या गाण्याला एक फिटर खुर्चीवर उभा राहिला. मग दुसरा. मग सगळे. कुणीतरी शिट्टी मारून ओरडलं, “लहू!” लहूने पत्रात लिहिलं होतं त्यात काहीही वाढवलेलं नव्हतं. रोमीने मला पुढे बोलावलं. मी गेलो. टाळ्या वाजत राहिल्या आणि मी हात खाली सोडून उभा राहिलो.

निघताना रोमीने हलगी माझ्यापुढे धरली नाही. मीही मागितली नाही. कपाटात ठेवू नका, दर वेळी शेकून वाजवा, एवढं सावियोला सांगितलं. त्याने मान हलवली.

घरी आलो तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती. खोका तिने उघडला नाही. “वाजवायचा का रं त्यो तिकडं?” एवढंच विचारलं.

“हो,” मी म्हणालो. “शेवटपर्यंत.”

हलगी दोह्यात आहे. पत्राचा खर्डा माझ्याकडे आहे.