चौघींत एक कोट कोरा

आमच्या कंपनीत कोळंबी गोठवून खोक्यांत भरतात. ती खोकी थंड खोलीत रचायला एकटीनं जायचं नाही. जोडीनं जायचं आणि जोडीनंच बाहेर यायचं, असा नियम आहे. अंगात पांढरा जाड कोट, कानांवर टोपी, तोंडाला मास्क. उरतात ते डोळे, आणि आतल्या धुक्यात तेही धड दिसत नाहीत.

एक दिवस आम्ही चौघी आत होतो आणि बाहेर पडल्या तिघी. माझी जोडीदारीण दुसरीलाच मी समजून निघून गेली. दार लागलं, दिवा गेला. हाक मारायला हवी होती, पण माझा आवाज घरातसुद्धा पलीकडच्या खोलीत पोचत नाही. मी हातातल्या खोक्यानं दार बडवत राहिले. थोड्या वेळानं उघडलं. जोडीदारीण दारातच रडत उभी होती. "अगो बाय, मना वाटला तूच हाय माज्यासंगती."

तिची चूक नव्हती. त्या कोटात आम्ही सगळ्या सारख्याच.

पण मी धसका घेतला. घरीच बसले. नवरा म्हणाला, काम सोडून दे. मला सोडायचं नव्हतं. आमच्या गव्हाण गावातून निघून त्या बायकांत जाऊन बसलं की न बोलताही मी त्यांच्यातली असते, असं दुसरं ठिकाण मला नाही. पण त्या दाराची आठवण आली की हातात घेतलेला डबा मी परत खाली ठेवायचे.

माझं मन रमावं म्हणून मुलीनं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. दोन माणसं अंतराळात यानाबाहेर काम करत होती. त्यांच्या पायांखाली काहीच नव्हतं. खूप खाली निळी पृथ्वी, आणि तिच्यावर दुधावर साय धरावी तसे ढग. शाळेत आम्ही आकाश काढायचो ते चंद्र आणि चार चांदण्या एवढंच. हे आकाश काळंभोर होतं, त्याला तळच नव्हता. एक माणूस वळला, तर तोंडावरच्या काचेत त्याच्या चेहऱ्याऐवजी पृथ्वीच दिसली.

दोघांचे पोशाख पांढरे, पण एकाच्या पायांवर लाल पट्टे होते. तो साहेब असेल, असं मी म्हटलं. मुलगी म्हणाली, बहुतेक वेळा मुख्य माणसालाच लाल पट्टे असतात, पण ते मानाचे नव्हेत, ओळखू यावं म्हणून. चंद्रावर पहिल्यांदा माणसं गेली तेव्हा पट्टे नव्हते, मग फोटोत कोण कुठला ते कळेना. चौघं असले तर एकाला सलग पट्टा, एकाला तुटक, एकाला तिरपा.

"आणि चौथ्याला?"

"चौथा कोरा, आई."

मी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. पाठीवर श्वास बांधून माणूस तिथवर गेला, आणि आपल्या सोबत्याला ओळखायला त्याला वीतभर लाल पट्टा लागला. इतकी मोठी माणसं, पण अडचण आमचीच. किती तरी वेळ मी ते पट्टे बघत होते.

दुसऱ्या दिवशी रिक्षात बसल्यापासून एकच वाक्य मनात घोळवत गेले आणि सुपरवायझरसमोर म्हटलं, "साहेब, चंद्रावर गेलेल्या मानसांसारखं आमच्या कोटांनाबी लाल पट्टं लावू द्या." तो हसला. "काय ताई, चंद्रावर चाललात का?"

बायकाही हसल्या. पण मी तिथून हलले नाही. "नाय साहेब. पन तिकडं जानारी मानसंबी चेहऱ्यावरून वलखू येत नाय."

खोक्यांना लावायची लाल टेप त्यानं माझ्या हातात दिली. मी तिघींच्या बाह्यांवर सलग, तुटक आणि तिरप्या पट्ट्या चिकटवल्या. माझा कोट कोरा ठेवला.

आत गेलो. दार लागलं. खोकी रचून झाली. धुक्यातून तिरप्या पट्टीची बाही दिसली, माझ्या जोडीदारणीची. ती क्षणभर थांबली, एकेकीच्या बाहीकडे तिनं पाहिलं, आणि जिला काहीच लावलेलं नव्हतं त्या माझ्याकडे ती सरळ चालत आली.