नवसाचं नाक

परवा एक मुलगी आली. गळ्यात हा एवढा कॅमेरा. म्हणाली, "आजी, तुम्ही जुन्या काळातल्या फोटोग्राफर. चांगला फोटो काढायच्या चार सोप्या युक्त्या सांगा ना, आमच्या अंकात छापायच्यात."

सोप्या म्हणे! डोंबल! पण दारात आलेल्या माणसावर खेकसायचं नाही असं मी हल्ली ठरवलंय, म्हणून चहा दिला आणि सांगितल्या चार. माणसाला खिडकीच्या उजेडात बसवा, भिंतीला चिकटवू नका. डोक्यातून झाड किंवा खांब उगवलेला दिसत नाही ना, ते आधी मागे बघा. हात कुठे ठेवू असं कुणी विचारलं तर रोज ज्या कामाला हात लागतो ती वस्तू हातात द्या. आणि 'हसा' म्हणून कधी सांगू नका, माणूस दात दाखवतो आणि डोळे रडवेलेच ठेवतो. सगळं भराभरा लिहून घेऊन मुलगी खूश होऊन गेली.

ती गेली आणि माझंच डोकं फिरलं. तिच्यावर नाही, स्वतःवर. कारण खोटं नसलं तरी मी तिला ताकापुरतं रामायण सांगून वाटेला लावलं होतं. फोटोच्या धंद्यात माझ्या हातून जे झालं त्यातलं एक अक्षरही सांगितलं नाही. ते आता सांगते. छापा नाहीतर चुलीत घाला.

माझे वडील साताऱ्याला फोटोग्राफर. माडीवर उत्तरेच्या बाजूला काचेचं छप्पर, त्याखाली गिऱ्हाईक बसवायचं. औंधापासून माणापर्यंतची माणसं यायची. मला भाऊ नव्हता, म्हणून चौदाव्या वर्षी वडिलांनी मला रिटचिंगला बसवलं. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर उतरायचा. ती प्लेट उजेडासमोर धरायची आणि सुईसारखी टोक केलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग भरून काढायचे. देवीचे वण, मुरुम, डोळ्यांखालचं काळं. प्लेटवर पेन्सिल लागली की कागदावर तिथं गोरं उमटायचं. माझा हात फार हलका. वडील येईल त्याला सांगायचे, "माझ्या पोरीच्या हाताखालून गेलं की माणूस नवं होऊन येतं." केवढा माज होता मला त्याचा! कुणाला डाग काढू का म्हणून विचारायचं असतं, हे ना वडिलांना सुचलं ना मला.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमारास लग्न होऊन मी सांगलीला आले. सासरीही फोटोचंच दुकान. बाहेर पुरुषांचे फोटो आमचे हे काढायचे. आतल्या खोलीत बायकांचे मी काढायची, कारण परक्या पुरुषासमोर घरंदाज बाया पदर सावरत बसायच्या आणि फोटोत नुसतं लुगडं यायचं. रिटचिंग सगळं माझं. फोटोमागचा शिक्का मात्र ह्यांचा. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

लढाईत प्लेटा मिळेनाशा झाल्या. आणि गिऱ्हाईक तर वाढलेलं, कारण गावोगावची पोरं पलटणीत भरती झालेली. रजा संपली की परत जाण्याआधी फोटो काढायचा, ही घरोघरची रीतच पडली होती. असाच एक शिपाई एका सकाळी आईला घेऊन आला. इस्लामपूरकडच्या कुठल्याशा खेड्यातली माणसं. कोळशावर धावणाऱ्या त्या रडतखडत चालणाऱ्या मोटारीनं आलेली, दोघांच्या अंगावर धूळ. बाई पन्नाशीची असेल. हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले.

ती लेकाची टोपी नीट करायला पुढे झाली तर हे खेकसले, "बाई, तुम्ही आत जाऊन बसा. माझ्याकडे एकच प्लेट आहे." मग ती माझ्याकडे आत आली. मी पाणी दिलं. माझ्या खोलीतला कॅमेरा बघून म्हणाली, "ह्यातनं दिसतं व्हय?" मी कॅमेऱ्याचं तोंड दाराकडे वळवलं आणि तिला काळ्या कापडाखाली डोकं घालायला लावलं. बाहेर लेक उभा होता. ह्या कॅमेऱ्यात माणूस उलटा दिसतो. बाई कापडाखालून ओरडली, "आगं बया! माज्या लेकाला उलटा टांगलाय की!" आणि अशी हसली, अशी हसली की बाहेर हे चिडले. कापडातून बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, केस विस्कटलेले, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. लेक दोन दिवसांनी बोटीवर चढणार होता. फोटो आठ दिवसांनी न्यायचा ठरला.

मी त्या प्लेटवर दोन दुपारी खपले. पोरगा काळासावळा, देखणा. नाकाच्या बाजूला एक काळा ठिपका होता, तो मी असा भरून काढला की शोधूनही सापडू नये. हे म्हणाले, "वा, साहेब दिसतोय!" मीही फुगले.

आठ दिवसांनी बाई आली. मी कौतुकाची वाट बघत फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो जवळ धरला, लांब धरला, पदरानं पुसला.

"ह्यो कोन?" म्हणाली.

"मावशी, असं काय करता? तुमचाच मुलगा."

"माज्या लेकाचं नाक टोचल्यालं हाय. भोक कुटं हाय?"

मी हसून म्हटलं, "ते मी काढलं. दोन दिवस पेन्सिल फिरवली. डागासारखं दिसत होतं."

तिचा चेहरा असा झाला की माझं हसू तिथंच मेलं. मटकन खाली बसली आणि म्हणाली, "काडलंस? आगं, ह्याच्या आदी चार गेली माजी. चार! ह्यो पाचवा झाला तवा नवस केला न् सोनाराकडनं नाक टोचून घेतलं. डागी पोराला यम हात लावत न्हाई. बारा वरसं नाकात तार हुती. भरतीच्या टायमाला काडली, पर भोक बुजू दिलं न्हाई मी. आन् तू कोन गं बुजवनारी? तिकडं गोळ्या सुटत्यात न् हिकडं तू माज्या लेकाला बिनडागी करून ठिवलास!"

अडाणी समजूत आहे असं मनात आलं. खोटं कशाला बोलू, आलंच. पण तिनं फोटो जमिनीवर पालथा घातला. मी म्हटलं, "मावशी, पेन्सिलच आहे ती. प्लेटवरची पुसून टाकते, भोक जसंच्या तसं येईल. पुढच्या बाजाराला या." ती फोटो माझ्याकडे ठेवून गेली. तसला फोटो घरात न्यायला तयारच नव्हती.

हे मिरजेला कुणाच्या लग्नाला गेले होते. मी प्लेट शोधली. कपाटात नाही, पेटीत नाही, पाण्याच्या घंगाळापाशी नाही. संध्याकाळी हे आल्यावर विचारलं तर शर्टाच्या बाह्या सोडत म्हणाले, "ती होय? धुतली."

बाजारात काच मिळत नव्हती. फ्रेम करायला काच पाहिजे, म्हणून हे जुन्या प्लेटा सोड्याच्या गरम पाण्यात घालून खरवडायचे. चेहरा निघून जायचा, साफ काच उरायची. ते मला माहीत होतं, माझ्या हातांनीही कितीतरी धुतल्या होत्या. पण आठ दिवसांची प्लेट!

"शिपायांचे फोटो कोण पुन्हा मागतं?" हे म्हणाले. "मागणारा जागेवर असला पाहिजे ना!" आणि स्वतःच्या विनोदावर हसले. त्या हसण्याचा राग मला आजही येतो. ताट मांडलेलं होतं. मी वाढायला बसले, ह्यांना भात वाढला, आमटी वाढली. एक शब्द बोलले नाही. तेच चुकलं.

पुढच्या बाजाराला बाई दारात हजर. मी खरं ते सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं, पण तिनं फोटो मागून घेतला आणि नाकावर बोट फिरवलं. मग मीच घाईघाईनं म्हटलं, "मावशी, शाईचा बारीक ठिपका देते. हुबेहूब भोक दिसेल."

"चितारल्यालं नगं," ती म्हणाली. "यम काय खुळा हाय? टोचल्यालं पायजे."

"कागद आहे तो. फाटेल."

"फाटू दे. सोनार कुटं हाय तुमच्यात?"

मी चपला घातल्या आणि तिच्याबरोबर निघाले. दुकान टाकून बाईमाणूस बाजारपेठेतून एका खेडवळ बाईमागं चाललंय, लोक बघत होते. बघू देत मेले. सोनार म्हातारा होता. बाईनं सगळं सांगितलं. तो हसेल म्हणून मी आधीच दातओठ खाऊन उभी होते, पण तो हसला नाही. पोरांची नाकं-कानं टोचायची तार काढली, फडक्यानं पुसली, फोटो मांडीवर घेतला आणि विचारलं, "कुठली बाजू?"

मी फटकन म्हटलं, "डावी."

"उजवी!" बाई माझ्यावर उखडली. "पोरीची डावी टोचत्यात, पोराची उजवी. दोन दिस त्याच्या तोंडावर पेन्शिल फिरवलीस म्हनत हुतीस न्हवं? मग बगत काय हुतीस?"

डाग बघत होते मी. पोरगा बघितलाच नव्हता. शरमेनं कान लाल झाले माझे, आणि त्या शरमेचा पुन्हा राग.

सोनारानं हलक्या हातानं उजवी नाकपुडी टोचली. सवयीनं त्याचं बोट तेलाच्या वाटीकडे गेलं, मग थांबलं. बाईनं फोटो उन्हाकडे धरला. भोकातून उजेडाचा कण आला. तिनं दोनदा मान हलवली, फोटो पदरात गुंडाळला आणि मोटारीकडे चालू लागली. जाताना मला म्हणाली, "परत कुनाचं काडू नगंस." घरी आल्यावर, मी धंद्याची अब्रू घालवली म्हणून ह्यांनी मला तासभर बोलून घेतलं. मी त्या दिवसापासून विचारल्याशिवाय एकही वण भरला नाही. गिऱ्हाइकं कमी झाली, तर होऊ दिली.

लढाई संपली. त्यानंतर वर्षभरानं एक माणूस दुकानात आला. मिश्या राखलेल्या, एक पाय थोडा ओढत चालणारा. मी ओळखलंच नाही. त्यानं पिशवीतून फोटो काढला, नाकाला भोक असलेला, आणि माझ्याकडे बघून हसला. खरं नाक आणि फोटोतलं नाक, दोन्ही उजवीकडे टोचलेली. काय सांगू, मला इतका आनंद झाला! जिवंत होता. यमानं त्याला सोडलं का गोळीनं सोडलं मला माहीत नाही, आणि मला त्याचं काही घेणंही नाही.

"आई कशा आहेत?" मी विचारलं.

"आय गेली. मी यायच्या आदी दोन म्हैनं. तापानं." टोपी हातात फिरवत तो उभा राहिला. मग म्हणाला, "मला धाडल्याल्या कागदात ती दुसऱ्याकडनं ल्हिऊन घ्यायची, सांगलीच्या फोटूवाल्या बाईकडं तीनदा गेलती, लय भांडली म्हून. तवा म्हनलं, तिचा एखादा फोटू असंलच तुमच्याकडं."

फोटोच्या दुकानात तीनदा गेलेल्या माणसाचा फोटो असणार, असं त्याला वाटलं. वाटणारच! कुणालाही वाटेल! भिंती भरून फोटो लावले होते आमच्याकडे, मामलेदार, नवरानवरी, कुस्तीतले पैलवान, कुणाचं तरी कुत्रंसुद्धा.

"नाही," मी म्हटलं.

"एक बी न्हाई?"

"एकही नाही."

तो भिंतीवरून नजर फिरवत राहिला, कुठल्या तरी कोपऱ्यात ती निघेल असं वाटत असावं त्याला. मग म्हणाला, "मग तुमाला याद तरी हाय का? कशी दिसायची?" मी सांगितलं. हनुवटीवरचे तीन ठिपके सांगितले. कापडाखाली डोकं घालून ती कशी हसली ते सांगितलं, विस्कटलेले केस सांगितले, अर्धा तुटलेला दात सांगितला.

"व्हय की," तो म्हणाला. "दात तुटका हुता. मी इसरलो हुतो बगा."

ह्यांच्यावर सगळं ढकलून मी मोकळी झाले असते, पण ते खरं होणार नाही. त्या पहिल्या दिवशी ती माझ्या खोलीत होती, ह्यांच्या नाही. ती हसत कापडातून बाहेर आली तेव्हा उजेड खिडकीतून थेट तिच्या तोंडावर पडला होता, आणि प्लेट भरलेली चौकट कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर ठेवलेली होती. दुपारी एक वकिलीणबाई येणार होत्या, त्यांच्यासाठी मी ती राखली होती. वकिलीणबाई त्या दिवशी आल्याच नाहीत.