कोबाल्टचा विटाळ

माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीने संशोधन का सोडलं, याचं कारण विभागात मीच सांगितलं होतं : तिचं लग्न ठरलं. सगळ्यांनी ते लगेच मानलं. उरणकडची कोळ्यांची मुलगी, घरच्यांनी बोलावून घेतलं असेल, असं म्हणून विषय संपला. लग्न ठरलेलं नव्हतं. ती माझ्यामुळे गेली. निवृत्त होऊन अलिबागजवळच्या आमच्या वाडीत राहायला आलो, तरी हे मी कुणाला सांगितलं नाही.

आमचं काम धातूंच्या अतिशय पातळ थरांवर चाले. कोबाल्ट हा लोखंडासारखाच चुंबकीय धातू. त्याचा थर निर्वात पेटीत तयार करायचा, कारण हवा लागली की तो बिघडतो. त्या पेटीला आम्ही गमतीने ‘सोवळं’ म्हणत असू. हवा शिरून थर खराब झाला की ‘विटाळ झाला’. हे शब्द मीच रूढ केले. लहानपणापासून घरात ऐकलेले, त्यामुळे मला ते नुसते विनोदी वाटत. तिला काय वाटत असेल, हा प्रश्न मला पडला नाही.

ती कोबाल्टवर एका सेंद्रिय रंगद्रव्याचे रेणू बसवत होती. होड्यांना गडद निळा रंग देतात, त्याच्याच कुळातले. असे रेणू धातूवर चटईसारखे पसरतात, धातूला त्यांचं काही सोयरसुतक नसतं, असं मी वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. एके दिवशी तिने आलेख पुढे ठेवला. कोबाल्टची चुंबकीय दिशा उलटवायला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त जोर लागत होता.

“सर, रेणू नुसता बसत नाही. जिथे टेकतो तिथे दोघांचे इलेक्ट्रॉन मिसळतात. खालचा धातू ताठर होतो, आणि मला वाटतं, रेणूलाही थोडं चुंबकत्व येत असणार.”

“हवा शिरली असेल. गंजला तरी असंच दिसतं.”

“म्हणून मी रेणूंनी अर्धाच भाग झाकला होता. उघडा भाग त्याच पेटीत होता, तो जसाच्या तसा आहे. हवा लागली असती तर आधी तो बिघडायला हवा होता.”

मी आलेख बाजूला सारला. खोलीत बाकीचे विद्यार्थी ऐकत होते. मी म्हणालो, “विटाळ झालाय तुझ्या कोबाल्टला. मासळीचे हात घेऊन येतेस, दुसरं काय होणार? जा, धुऊन ये.”

सगळे हसले. मीही हसलो. ती बाहेर बेसिनपाशी गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला, आम्ही दुसऱ्या कामाचं बोलत होतो. मग नळ बंद झाला. ती आत आली नाही, आणि पुन्हा कधीच आली नाही.

तो आवाज अजून येतो. वाडीतला पंप बंद असतो, घरात दुसरं माणूस नसतं, आणि मागे कुणीतरी हात धुतंय असं वाटतं. उठून पाहतो तर न्हाणी कोरडी. पत्नी होती तेव्हा म्हणायची, “कान तपासून घ्या एकदा.” घेतले. कानात दोष नाही.

पुढे परदेशातल्या प्रयोगशाळांनी तेच सिद्ध केलं. त्या सीमेवरचे इलेक्ट्रॉन ना निव्वळ धातूचे राहतात ना निव्वळ रेणूचे. स्पर्शाने दोघंही बदलतात. मी त्यावर व्याख्यानं दिली. एकाने विचारलं, तुमच्याकडे हे कधी दिसलं नव्हतं का? मी म्हणालो, दिसल्यासारखं झालं होतं, पण नमुना खराब होता.

यंदा मी उरणला तिच्या घरी गेलो. ती आता बंदरावरच्या मालवाहतुकीच्या ऑफिसात आहे. अंगणात तिची आई बोंबील वाळत घालत होती.

“कोन हाय गो?”

“माझे सर. कॉलेजातले.”

“व्हय? मंग आमच्या हातचा चाय चालंल ना त्यांना?”

“चालेल की,” मी म्हणालो.

“इचारलेलं बरं. न्हायतर ठेवाल तसाच, नि आमची साकर फुकट.” ती हसत आत गेली.

मुलगी हसली नाही. मी तिला म्हणालो, सगळं लिहून काढणार आहे, तुझ्या नावासकट.

“नाव नको.”

“शोध तुझा होता.”

“नाव आलं की लोक विचारतील, मग सोडलं का? इथे सगळ्यांना वाटतं, मला झेपलं नाही. ते चालतं मला. तुम्ही काय बोललात ते आईला कळलेलं चालणार नाही. तिच्याच हातचं खाऊन मी रोज निघायचे.”

“मग काय लिहू?”

“उघडा भाग बिघडला नव्हता, तेवढं लिहा. लग्नाचं खोटं होतं, ते लिहा. बाकी तुमचं तुम्ही बघा.”

आई चहा घेऊन आली. “कसल्या गोष्टी चालल्यात?”

“कोबाल्टच्या,” मुलगी म्हणाली. “एक धातू असतो.”

आई कप पुढे करून उभी होती. बोटं अजून ओली होती. मी कप घेतला. माफी मागायची होती ती खरं तर हिची, हे मला तेव्हा कळलं. आणि ती मागायची नाही, असं नुकतंच ठरलं होतं.