चार रांगा मिरच्या

हे वाचून हसणार असाल तर खुशाल हसा. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसलो असतो. मी बेळगावात एका लॅबमध्ये रक्त तपासतो... डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानायची सवय. आणि अंगारे-धुपारे आमच्या निपाणीच्या घरात कधी शिरलेच नाहीत. आईनंच शिरू दिले नाहीत. आईला आम्ही सगळे आक्का म्हणतो. तंबाखूच्या वखारीत जन्मभर राबून तिनं मला शिकवलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला आक्काला लकवा मारला. डावी बाजू गेली, वाचाही गेली. आक्का डावरी, म्हणजे कामाचा हातच गेला. डॉक्टर म्हणाले, "महिन्याभरात एखादं बोट जरी हललं तरी आशा आहे." मी रजा टाकून उशाशी बसलो. रोज तिचा हात धरून म्हणायचो, "आक्का, दाब की गं." काही न्हाय. तीन आठवड्यांनी मीच बधिर झालो. रडू येईना, भूक कळेना.

लॅबमधल्या दोस्तानं फोनवर सांगितलं, "मोबाईलवर टाइमलॅप्स शिक, तासांचं मिनिटात दाखवणारा व्हिडिओ. डोकं जरा दुसरीकडं लागंल. सुरुवातीला पळून न जाणारं कायतरी धर." गच्चीवर वर्षाच्या चटणीच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या, चार रांगा. मिरची कुठं पळणार?

पहिल्या दिवशी मध्येच कुणाचा तरी फोन आला आणि शूटिंग बंद पडलं. दुसऱ्या दिवशी शहाणा झालो. फ्लाइट मोड, पॉवर बँक, स्टँडच्या पायांना विटा, दर दहा सेकंदाला एक फोटो. सरिताला, म्हणजे बायकोला, बजावलं की आज गच्चीवर पाय ठेवायचा न्हाय.

"मग परतायचं कुणी?" ती आक्काचं अंथरूण नीट करत होती. "एका अंगानं पांढऱ्या पडतील की ओ."

"पडू देत एक दिवस!" मी खेकसलो. आक्का पडल्या पडल्या ऐकत होती.

अकरा ते तीन. गच्चीच्या दाराला कडी घालून मी जिन्यातच बसून राहिलो. तीनला मोबाईल काढला. चार तासांचं एक मिनिट झालं होतं. सावल्या छान सरकत होत्या... बरं जमलंय म्हणेपर्यंत मिरच्यांचा रंग बदलला.

एकेक फोटो बघितला. एकात मिरच्या जशाच्या तशा. पुढच्यात उजवीकडची रांग परतलेली — खालची गडद बाजू वर. त्याच्या पुढच्यात दुसरी. मग तिसरी, मग चौथी. माणूस न्हाय, सावली न्हाय. तारेवरचा टॉवेल सरळ लोंबतोय, म्हणजे वाराही न्हाय. नंतर मी स्वतः एक रांग परतून बघितली, तर चार मिनिटं लागली; फोटोत दहाच सेकंद. आणि सरिता डावीकडून परतत जाते. उजवीकडून सुरू करायची ती फक्त आक्का.

भीती वाटली का? न्हाय. काहीच वाटलं न्हाय.

खाली आलो. सरिता आक्काच्या शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिचे डोळे लाल, नाक गळत होतं.

"वर गेलतीस काय?"

"न्हाय ओ, हितनं हलले न्हाय. आत्ता आक्कांचा हात पुसला, मग डोळ्याला बोट लागलं तर नुसती आग आग हुतीया. तुम्ही मिरचीचा हात लावलासा काय त्यास्नी?"

मी मिरचीला शिवलोही नव्हतो. आक्काचा डावा तळवा हुंगला आणि ठसका लागला. नखात मिरचीचं बी होतं, पिवळं.

"आक्का, दाब की... एकदाच." ती माझ्याकडं बघत होती. हात तसाच, लुळा.

त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली. तोपर्यंत एक बोटही हललं न्हाय.

दोस्त म्हणतो, मोबाईलचा एरर. मग नखात बी कुठनं आलं विचारलं की नवा मोबाईल घे म्हणतो. स्पष्टीकरण माझ्याकडंही न्हाय, आणि आता मी शोधतही न्हाय. मनाला लागलंय ते वेगळंच. महिनाभर मी तो हात धरून बसलो होतो. तो एकदाच हलला... आणि तोही मिरच्यांसाठी.