रिक्षा बोलवा!

रत्नागिरीत कोणाला कोणत्या गोळीने काय होतं, हे त्या माणसाच्याही आधी माझ्या बायकोच्या मामांना ठाऊक असतं. डॉक्टरांचा नंबर तिसरा. मामा स्वतः डॉक्टर नाहीत, कंपाउंडर नाहीत, औषधाच्या दुकानातसुद्धा ते गिऱ्हाईक म्हणूनच जातात. उभा जन्म त्यांनी हायस्कुलात भूमिती शिकवली. पण गोळ्यांच्या खोक्यातला तो घडीचा पातळ कागद, जो तुम्हीआम्ही न उलगडताच फेकून देतो, तो मामा भिंग लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. रस्त्यात कोणी भेटलं की लोक विचारतात, "काय, बरं आहे ना?" मामा विचारतात, "सध्या काय चालू आहे?" नवखा माणूस भाबडेपणाने मुलाच्या नोकरीचं सांगू लागतो. मामा त्याला मध्येच तोडतात, "ते नव्हे हो! गोळी कोणती चालू आहे?"

त्यांच्या मते औषधाच्या त्रासाच्या जाती दोनच. एक त्रास औषधाच्या स्वभावात असतो, दुसरा आपल्या. पहिल्याचा अंदाज बांधता येतो. दुसरा कधी उपटेल, सांगता येत नाही. आणि तीव्रतेच्या पायऱ्या तीन: सौम्य, मध्यम आणि 'रिक्षा बोलवा'. चिपळूणला एका लग्नात, वधूपिता सर्दीने शिंकत उभे असताना, मामांनी अक्षता हातात धरूनच त्यांना या तिन्ही पायऱ्या समजावून दिल्या होत्या. अक्षता टाकायच्या राहून गेल्या, त्या त्यांनी नंतर जेवणाच्या पंगतीत वधूवरांना गाठून टाकल्या.

एकदा राजापूरला जाताना घाटातल्या वळणांनी मळमळतं म्हणून मामींनी त्यांना गाडी लागू नये म्हणून घ्यायची गोळी दिली. "हिने झोप येते. औषधाच्या स्वभावातला त्रास, पायरी सौम्य," असं शेजारच्या प्रवाशाला सांगून मामा जे झोपले, ते राजापूर मागे टाकून थेट कणकवलीला उठले. कंडक्टर चिडला. मामा उतरताना त्याला म्हणाले, "बघितलंत? अगदी कागदावर लिहिल्याप्रमाणे झालं!"

पण त्यांना हसणाऱ्यांतले निम्मे लोक गुपचूप त्यांच्याकडेच येतात. आमच्या शेजारच्या वहिनी दोन महिने कोरड्या खोकल्याने हैराण होत्या. आलं झालं, हळद झाली, ज्येष्ठमध झालं. मामांनी एकच विचारलं, "ब्लडप्रेशरची गोळी नवीन सुरू झाली का गो?" झाली होती. वहिनी म्हणाल्या, "मग आजपासून बंदच करते मेलीला." त्यावर मामा कडाडले, "खबरदार! बंद करायची ती डॉक्टरांनी. तू फक्त जाऊन सांग." डॉक्टरांनी गोळी बदलली आणि खोकला हळूहळू गेला. तेव्हापासून वहिनींच्या पर्समध्ये मामांनी स्वहस्ते लिहिलेलं कार्ड असतं: औषधाचं नाव, कधी घेतलं, काय झालं. अशी कार्डं त्यांनी निम्म्या आळीला वाटली आहेत. मला दिलेलं मी हसत हसत टेबलाच्या खणात टाकलं.

मग मागच्या वर्षी एका रविवारी माझं हसू थांबलं. बायकोची दाढ सुजली होती म्हणून दंतवैद्यांनी अँटिबायोटिक दिलं होतं. पहिली गोळी तिने दुपारी जेवण झाल्यावर घेतली. पंधरा मिनिटांत तळहात खाजू लागले. मी म्हटलं, सुरमई बाधली असेल. एवढ्यात तिचे ओठ सुजले आणि ती बोलू लागली तो आवाज तिचा वाटेना. मी मामांना फोन लावला आणि गोळीपासून ओठांपर्यंत सगळं सांगितलं.

"श्वास कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"घसा आवळल्यासारखा होतोय म्हणते."

"तिसरी पायरी. तिला चालवू नको. मी रिक्षा घेऊन आलो."

मामा मागच्याच गल्लीत राहतात. चार मिनिटांत रिक्षा दारात होती. आत मामा, अंगात बनियन आणि खांद्यावर पंचा. "गोळ्यांचं पाकीट घे," एवढंच ते म्हणाले. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी काही विचारण्याआधीच त्यांनी पाकीट पुढे केलं आणि वर्गात प्रमेय सांगावं तशा ठाम आवाजात सांगितलं, "ही गोळी, अर्ध्या तासापूर्वी, आधी खाज, मग ओठ, मग घसा." बाईंनी तत्काळ मांडीत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने बायकोचा श्वास मोकळा झाला. तिने पहिलं वाक्य उच्चारलं, "मामा, अंगात शर्ट तरी घालायचात!"

मी हसलो आणि मामांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. गोळ्यांचं पाकीट त्यांनी अजून मुठीत धरून ठेवलं होतं. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "शनिवारी माझ्याबरोबर पालीला चल."

पालीला त्यांचे धाकटे भाऊ राहतात. त्यांना दिसत नाही, एवढंच मला माहीत होतं. जन्मापासूनच असेल, असं मी धरून चाललो होतो. मामा आत चहा टाकायला गेले तेव्हा भाऊ ओटीवरच्या बाकावर बसून मला सांगू लागले.

"कॉलेजात होतो. ताप आला, गोळ्या दिल्या. दोन-तीन दिवसांनी अंगभर फोड, तोंड सोललेलं, डोळे चिकटलेले. घरात सगळे म्हणाले, गोवर आहे. डॉक्टरांनी गोळ्या पुऱ्या करायला सांगितलं होतं, म्हणून दादा देत राहिला. घड्याळ लावून, उशाशी बसून. जिवावरचं निभावलं, डोळे गेले." चेहरा आतल्या दाराकडे वळवून ते म्हणाले, "ते गोळीनेच होतंय, हे कोणाला ठाऊक होतं हो तेव्हा? मी त्याला कितीदा सांगितलं, अरे, तू मायेने दिलीस. ऐकतो, मान हलवतो, आणि पुन्हा लोकांच्या गोळ्या विचारत सुटतो."

आतून पावलं वाजली तसे भाऊ जागा करून देत बाकावर सरकले. मामांनी चहाचा कप त्यांच्या बोटांत नीट धरवला, शेजारी बसून वर्तमानपत्र उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"पोरगी बरी आहे ना रे?" भावाने मध्येच विचारलं.

"बरी आहे," मामा म्हणाले. "वेळेवर कळलं."

भावाने चाचपडत हात पुढे केला आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. पुढचं पान उलटायला मामांना जरा वेळ लागला.