सुमनताईंची खुर्ची आणि माझं ‘सर्वानुमते’

‘अहो, सुमनताई गेल्या...’ दूध घेऊन वर आलेल्या बायकोनं दारातच सांगितलं. महिना होत आला त्याला. लिहायला लाज वाटते, पण मला आधी रडू आलं नाही. आधी आठवली ती कपाटातली सोसायटीच्या सभांची वही.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत आम्ही एकाच महिन्यात राहायला आलो. त्या भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, तळमजल्यावर एकट्या. मी तिसऱ्या मजल्यावर, आणि ‘तुमचं अक्षर बरं आहे’ म्हणून पहिल्याच सभेत गळ्यात सचिवपद पडलेला. बिल्डरच्या नकाशात दोन इमारतींच्या मधे एक हिरवा चौकोन होता, ‘सर्वांसाठी खुली जागा’. तो पाहूनच ताईंनी घर घेतलं. बाग काही झाली नाही, पण रोज पाचला त्या नायलॉनच्या पट्ट्यांची घडीची खुर्ची घेऊन तिथे बसायच्या. हळूहळू बाकीच्या म्हाताऱ्यांच्याही खुर्च्या आल्या, पोरं खेळायला लागली. बायकोच्या ऑपरेशनच्या दिवसांत मी तिथे बसून काय काय बोललो असेन! ताई फार धीर द्यायच्या नाहीत. ‘डॉक्टर शहाणा आहे ना? मग तुम्ही कशाला डॉक्टर होताय?’ एवढंच. पण तेवढ्यानं मला झोप लागायची.

मग घरोघरची मुलं हिंजवडीला नोकरीला लागली, स्कूटरच्या जागी मोटारी आल्या. आमच्याकडेही आली. तो चौकोन गाडीवाल्यांना वाटून द्यायचा ठराव सभेत आला, तेव्हा ताई उभ्या राहिल्या. ‘माझा विरोध आहे. लिहून घ्या.’ तेवढ्यात कुणीतरी ‘चहा गार होतोय’ म्हणालं आणि सभा उरकली. मी घरी येऊन इतिवृत्त लिहिलं, दर वेळी लिहितो तसंच... ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’ हाताला सवयच ती. शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही लिहिलं. निदान त्या दिवशी तरी नाही.

ताईंनी महापालिकेत तक्रार केली, तर सोसायटीकडून माझ्याच इतिवृत्ताची प्रत पुढे आली. सगळ्यांना मान्य आहे, मग तक्रार कसली? गुडघे धरत त्या तीन मजले चढून आल्या. ‘काय हो सचिव, या सर्वांत मी नव्हते का?’ मी वही काढून ती ओळ पुन्हा वाचली. ‘चुकलं ना? मग पुढच्या सभेत इतिवृत्त कायम व्हायच्या आत दुरुस्त करा. महापालिकेतली सुनावणी त्यानंतर आहे.’ मी हो हो म्हटलं. रात्री जेवताना मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘बाबा प्लीज, आता इश्यू नका करू. गाडी काय रस्त्यावर लावू?’ त्या चौकोनात आमची सात नंबरची जागा होती.

मग मी सभाच पुढे ढकलली. एकदा गणपती म्हणून, एकदा परीक्षा म्हणून. ताई गाड्यांच्या मधे खुर्ची टाकून बसायच्या. हॉर्न वाजला की फूटभर सरकायच्या. शेवटच्या भेटल्या तेव्हा त्यांना खुर्ची उचलवेना. मी ती दारापर्यंत नेली. ‘सभा कधी?’ त्यांनी विचारलं. ‘बघतो,’ मी म्हटलं. ‘बघा बघा. तुमचं बघून होईपर्यंत मी आहे का, तेही बघा.’ चार दिवसांनी गेल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

घर आवरताना त्यांच्या भाचीनं खुर्ची मला आणून दिली. ‘मावशीनं सांगितलं होतं, सचिवांना द्या.’ महापालिकेतल्या त्यांच्या तक्रारीच्या अर्जावर आता आणखी तिघांच्या सह्या आहेत, सुनावणीही अजून व्हायचीय, पण माझं ते ‘सर्वानुमते’ तिथे तसंच आहे. येत्या सभेत मला उभं राहून एवढंच म्हणायचंय, ‘सर्वानुमते नव्हतं. सुमनताईंचा विरोध होता.’ आरशासमोर रोज म्हणून बघतोय. ऐन वेळी कच खाईन अशी धास्ती वाटते, म्हणून तर हे आधीच छापायला देतोय.

काल पाचला ती खुर्ची घेऊन खाली गेलो आणि सात नंबरच्या पट्ट्यांमधे बसलो. थोड्या वेळानं मुलगा आला. हॉर्न वाजला. हात आपसूक खुर्चीच्या दांड्याला गेला... पण उठलो नाही. ‘बाबा!’ तो काच खाली करून म्हणाला.

‘रस्त्यावर लाव,’ मी म्हटलं. ‘इथे बसलंय माणूस.’