लुवेनियाचं पुढचं दार

लुवेनिया गॅडस्डेननं एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पलंगांवर चादरी ताणल्या. निवृत्त झाली त्या रविवारी चर्चमधून आल्यावर मुलांनी तिच्या हातात एक पाकीट ठेवलं. आतल्या चिठ्ठीत लिहिलं होतं की आईबाबांनी इथंच, चार्ल्स्टनमध्ये, आईला आवडेल त्या जुन्या घरात दोन रात्री पाहुणे म्हणून राहायचं. खर्च मुलांचा, निवड आईची.

आपल्याच गावात पाहुणी म्हणून राहायचं, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला पैसे देऊन वळसा, असं शेजारीपाजारी म्हणाले. म्हणोत बापडे. लुवेनिया जी हवेत गेली ती आठवडाभर खाली आलीच नाही. भातात मीठ दोनदा पडलं, इस्त्री तापत राहिली, आणि सोफ्यावर पेपर वाचत पडलेला नवरा तिला दिसेनासा झाला.

नवऱ्याचं नाव क्लिओफस. गावात बस चालवून आता तोही घरी बसलेला. "आवडेल ते ना? मग पुलाजवळचं नवं हॉटेल घे," तो म्हणाला. "लिफ्ट आहे. गच्चीवर पोहायचा तलाव आहे."

"तुला पोहता येतं का रे?"

"तलावाकडे बघता येतं."

"मग बाथरूममध्ये बादली भरून देते, तिच्याकडे बघ," लुवेनिया म्हणाली, आणि चर्चमधल्या पुठ्ठ्याच्या हातपंख्याच्या पाठीवर तिनं गावातल्या अकरा घरांची नावं लिहून काढली. गावातली एकूण एक पाहुणेघरं तिला मागच्या बाजूनं ठाऊक. कुठे स्वतः राबलेली, कुठे मैत्रिणी राबत होत्या. असल्या बाईला फोटो दाखवून कोण फसवणार?

शनिवारी ती क्लिओफसला घेऊन घरं बघायला निघाली. चांगला निळा ड्रेस, पायात मात्र कामावरचे बूट.

पहिल्या घराला भूत होतं. म्हणजे जाहिरातीत होतं. "तिसऱ्या मजल्यावर कुणी बाई उसासे टाकते म्हणे," क्लिओफस म्हणाला.

"गरम पाण्याचा पाइप आहे तो. आपल्या चर्चमधली मोझेल नऊ वर्षं तिथं काम करते, प्लंबरला बोलवा म्हणून सांगून सांगून तिची जीभ झिजली. मालक म्हणतो राहू दे, त्या खोलीला गिऱ्हाईक जास्त."

दुसऱ्या घरातला पलंग दोनशे वर्षांचा, पण इतका उंच की चढायला तीन पायऱ्यांचं स्टूल. "तुझा गुडघा वर जाईल, खाली कोण आणणार?" ती म्हणाली. तिसऱ्याच्या बागेत कारंजं होतं, म्हणजे डास होते. चौथ्याच्या दारातच तिनं नाक वर करून वास घेतला आणि चालू लागली. ओल होती, आणि ओल लपवायला लावलेल्या मेणबत्त्या होत्या. एकेक नाव खोडताना बाईला असा काही आनंद होत होता, की रस्त्यात भेटेल त्याला ती थांबवून सांगत होती. एकतीस वर्षं गप्प बसून गोळा केलेलं ज्ञान, एका सकाळी बाहेर पडत होतं.

ट्रॅड स्ट्रीटवरच्या लॅम्बर्ट हाऊसपाशी मात्र ती थांबली आणि तिची बडबडही थांबली. तिच्या नोकरीची सगळी वर्षं इथंच गेली होती.

"इथं?" क्लिओफस म्हणाला. "अगं, इथून तर तू आत्ता सुटलीस."

"ते दार बघ," लुवेनिया म्हणाली.

जुन्या घरांना असतं तसलं ते दार. रस्त्यावरून उघडलं की पाय घरात नाही, घराच्या कडेनं गेलेल्या लांब व्हरांड्यात पडतो. दार लावलेलं असलं की घरच्यांना निवांत बसू द्यायचं, वाजवायचंसुद्धा नाही. उघडं असलं की या, बसा, चहा घ्या. आत निळ्या छताखाली सात पांढऱ्या झुलत्या खुर्च्या.

"तो व्हरांडा मी रोज झाडला," ती म्हणाली. "खुर्च्या रोज पुसल्या. एकदाही बसले नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं, क्लिओ. पण कुणी बस असंही म्हटलं नाही. आपली सगळी माणसं मागच्या फाटकानं आली नि मागच्या फाटकानं गेली. मला त्या खुर्चीत बसायचंय. ते दार आतून माझ्या हातानं उघडायचंय, आणि माझ्या मैत्रिणींनी त्या दारातून माझ्याकडे यायला हवंय. बाकी तुझा तलाव नको नि भूत नको."

क्लिओफसनं टोपी काढली, डोकं खाजवलं. "बर्फाचं मशीन आहे का इथं?"

"आहे."

"मग काय प्रश्नच नाही."

रविवारी चर्च सुटल्यावर तिनं पाच जणींना आमंत्रण दिलं. मोझेल म्हणाली, "म्हणजे ज्या चादरी जन्मभर घातल्यास त्यांच्यावरच झोपायला पैसे मोजणार?"

"माझे कुठे, पोरांचे."

"मग दोन उशा जास्त माग. आणि अंथरूण तसंच विस्कटून ठेव, बाई. जमेल का तुला?"

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आर्बुटसमावशी काठीवर हनुवटी टेकून ऐकत होत्या. लुवेनियाच्या आधीपासून चाळीस वर्षं त्यांनी लॅम्बर्ट हाऊसचे कपडे धुतलेले. "किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या शनिवारी, चारला. रस्त्यावरचं दार उघडं ठेवीन."

"येऊ," मावशी म्हणाल्या.

तो शनिवार उजाडला. क्लिओफस बॅग घेऊन लॅम्बर्ट हाऊसच्या दारापाशी पोचला आणि बघतो तर बायको नाही. लुवेनियाचे पाय आपले बोळात वळलेले, हात मागच्या फाटकाच्या कडीवर. "जित्याची खोड," तो म्हणाला, आणि दंडाला धरून तिला पुढे घेऊन आला. बाई लाजली नि हसतही सुटली.

मालकीणबाई मिसेस प्रेलो यांनी पाहुण्यांचं रजिस्टर पुढे केलं. "या, मिसेस गॅडस्डेन," त्या म्हणाल्या. एकतीस वर्षं नुसतं लुवेनिया होतं. सही तिनं पूर्ण नावानं केली. दुपारी माझ्याकडे पाहुणे आले तर चालतील ना, असं तिनं विचारलं, तेव्हा मिसेस प्रेलो म्हणाल्या, "व्हरांडा तुमचाच आहे. दार उघडायचं की लावायचं ते तुम्ही ठरवा."

खोलीत जाताच तिनं कपाटावरून बोट फिरवलं. धूळ नव्हती. नव्या मुलीचं काम चोख निघालं, आणि लुवेनियाला खरं सांगायचं तर थोडा रागच आला.

पावणेचारला तिनं दाराची कडी काढली, दार सताड उघडलं आणि मधल्या खुर्चीत जाऊन बसली. टेबलावर तिळाची बिस्किटं, बर्फ घातलेल्या गोड चहाचा मोठा जग, सहा ग्लास. क्लिओफसला ग्लास मोजलेलाच नव्हता. तिनं खुर्ची झुलवून बघितली. मग जरा जोरात झुलवली.

चार वाजले. सव्वाचार वाजले. कॅमेरा लटकवलेलं एक जोडपं आत डोकावून म्युझियम आहे का विचारून गेलं. साडेचार झाले तेव्हा चहातला बर्फ विरघळला होता आणि क्लिओफस सहाव्या बिस्किटावर होता.

"येतील," तो म्हणाला.

"नाही येणार. हसतायत त्या मला. कालची मोलकरीण आज मालकीण होऊन बसलीय म्हणत असतील." असं वाईट तिला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. ती दार लावायला उठली.

तेवढ्यात बागेच्या कुंपणापलीकडून, मागच्या अंगणातून, हसणं आलं. मोझेलचं. ते हसणं गावात दुसऱ्या कुणाचं नाही.

लुवेनिया घरातून धावत, स्वयंपाकघर ओलांडून मागच्या पायरीवर आली. अंगणात पाचही जणी चर्चच्या टोप्या घालून बसल्या होत्या. कुणी उपड्या बादलीवर, कुणी पायरीवर, मांडीवर रुमालानं झाकलेली भांडी. आर्बुटसमावशी धुण्याच्या दगडावर.

"अगं, होतीस कुठे?" मावशी म्हणाल्या. "चारपासून ताटकळलोय. लाल भात गार झाला."

"मावशी, रस्त्यावरचं दार सांगितलं होतं ना मी?"

मावशींनी फाटकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "कानांनी ऐकलं होतं गं. पायांनी ऐकलं नाही."

मोझेल म्हणाली, "असू दे, इथूनच जाऊ आत. दहा तर पावलं."

"नाही," लुवेनिया म्हणाली. "रस्त्यानं."

मग काय, निघाली वरात. फाटकातून बाहेर, बोळातून, ट्रॅड स्ट्रीटवर. पुढे लुवेनिया, मागे पाच टोप्या आणि पाच भांडी, मावशींच्या चालीनं. गाडीवाले थांबले. मोझेलनं त्यांना राणीसारखा हात केला.

उघड्या दारापाशी मावशी अडल्या. उंबऱ्याबाहेर काठी रोवली आणि हलेनात.

"चला ना, मावशी."

"चला काय? तूही बाहेर, आम्हीही बाहेर. मग या म्हणणार कोण? तू जा आत, बस जागेवर."

लुवेनिया आत गेली. जाऊन खुर्चीत बसली. मावशींनी उघड्या दारावर काठीनं तीनदा ठोकलं. "आहे का कुणी घरात?"

"आहे, मावशी," लुवेनिया म्हणाली. "या. सगळ्या या."

मावशी आल्या. पहिल्या खुर्चीपाशी थांबून त्यांनी तिच्यावरची गादी चिमटीत धरून पाहिली, मग सावकाश टेकल्या, एकदा झुलल्या.

"चाळीस वर्षं हिचे अभ्रे धुतले," त्या म्हणाल्या. "बसायला बरी आहे की."

लुवेनिया डोळे पुसत चहाच्या जगाकडे वळली, तशी मावशींनी काठी आडवी घातली.

"तू बस. चहा क्लिओफस ओतेल."